पहिल्याच भावाला हो म्हणणारी बाई

मला एका सरकारी बाईने फसवलं. मी मागितलं ते सगळं देऊन फसवलं.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. बायको हसली, शेजारचा कापडवाला हसला. साडूने तर माझ्याशी फोनवर हसून घेतलं, मग बायकोला वेगळा फोन लावून तिच्याबरोबर पुन्हा हसला. म्हणून आता लिहून काढतो आहे. लिहिताना मध्ये कोणी हसत नाही.

करोल बागेत एका गल्लीच्या मधोमध माझं मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, आरसे, दिवे, पायपुसण्या सगळं ठेवतो, पण लोक ओळखतात ते हॉर्नसाठी. वडील फौजेत हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे. मी वाढलो दिल्लीच्या छावणीत. ते निवृत्त होऊन गावी गेले, मी इथेच राहिलो आणि लाल दिव्याला थांबलेल्या गाड्यांना पिवळी फडकी विकायला लागलो. तिथून या दुकानापर्यंत मला कोणी हात दिलेला नाही. शटर, काउंटर, डोक्यावरचा पंखा, सगळं मी भाव करून करून मिळवलं आहे. रंगाऱ्याशी तर मी भिंत वाळेपर्यंत भाव करत होतो. भिंत पूर्ण वाळली तेव्हा त्याने हार मानली.

भाव करण्याची एक रीत असते आणि ती करोल बागेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पहिला आकडा खरा नसतो. विकणाऱ्याचा नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो. घरी आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, घर तुमचंच आहे. म्हणून तो काही आपलं कपाट उघडून शर्ट घालून निघून जात नाही. पहिला आकडा तसाच असतो. तो बोलायचा असतो, समोरच्याने तो ऐकून तोंड वाकडं करायचं असतं, आणि मग दोघांनी मिळून खऱ्या जागी यायचं असतं. यालाच धंदा म्हणतात. जो पहिल्याच आकड्याला हो म्हणतो तो एकतर वेडा असतो नाहीतर चोर. ही बाई वेडी नव्हती.

आमची गल्ली आधी कशी होती ते सांगायला हवं. दोन गाड्या जेमतेम जातील एवढी रुंदी, आणि त्यात दोन्हीकडून गाड्या. मध्ये ई-रिक्षा, स्कूटर, मालाचे टेम्पो. एकदा गल्लीत शिरलेला माणूस दुसऱ्या टोकाला कधी निघेल याचा भरवसा नसायचा. हिवाळ्यात धूर आणि धुकं मिसळून असं काही लोंबत राहायचं की समोरच्या दुकानाची पाटी दिसायची नाही. शेजारचा कापडवाला सकाळी पांढरी ओढणी बाहेर टांगायचा आणि संध्याकाळी तीच ओढणी राखाडी रंगाची म्हणून विकायचा. मी तक्रार करत नव्हतो. गल्लीत अडकलेला माणूस म्हणजे माझ्या दारात बसलेलं गिऱ्हाईक. तो हॉर्न वाजवायचा, पुढचा हलायचा नाही. तो आणखी वाजवायचा. मग मी पायरीवरून विचारायचो, "भाईसाहब, इतनी धीमी आवाज? आपकी गाड़ी की तबीयत ठीक है?" निम्मे लोक तिथेच काच खाली करायचे. माझा फिटर, माझ्याच वयाचा एक सरदारजी, गाडी न हलवता नवा हॉर्न बसवून द्यायचा. बसवून होईपर्यंत रस्ता मोकळा झालेला नसायचाच.

तर अशा सुखात आम्ही असताना ती बाई आली.

शहराच्या वाहतूक नियोजनाचं काम तिच्याकडे होतं. वय असेल पस्तिशीचं, खांद्याला कापडी पिशवी, पायात चालायचे बूट. गल्लीत आठवडाभर फिरली, लोकांना विचारत बसली, आणि मग आम्हा दुकानदारांना जवळच्या शाळेच्या सभागृहात बोलावलं. आधीच कळलं होतं की योजना साधी आहे. रविवारी संध्याकाळी गल्लीत गाड्या बंद. गाड्या बाजाराच्या कडेला बहुमजली पार्किंगमध्ये लावायच्या, मेट्रोकडून येणाऱ्यांना नीट पायवाट. धूर कमी, आवाज कमी. बस एवढंच.

बाजारात आग लागल्यासारखा गोंधळ झाला. कापडवाला, दागिनेवाला, बूटवाला, सगळे माझ्याकडे आले. भाव करायला मीच हवा हे सगळ्यांना माहीत होतं.

"नाही म्हणायचं," कापडवाला म्हणाला. तो पंजाबी आहे, पण वर्षानुवर्षं शेजारी राहून त्याला माझं मराठी थोडं कळतं आणि मला त्याचा स्वभाव पूर्ण कळतो.

मी म्हटलं, "नाही म्हणाल तर ती एक रविवार सोडून एक करेल. तरी गेलाच ना रविवार? मी तिच्याकडे इतकं मागतो की खातंच पळून जाईल. सातही दिवस बंद करा म्हणतो. झाडं लावा म्हणतो. सरकारला काम सांगितलं की सरकार जातं."

"और अगर मान गई?"

"आजपर्यंत कोणी पहिला भाव मानलाय?"

कापडवाल्याने विचार केला. त्याने मानला नव्हता. त्याच्या बापाने मानला नव्हता. सगळे निश्चिंत झाले.

सभागृहात ती समोरच्या टेबलाशी बसली होती, मागे भिंतीवर गल्लीचा मोठा नकाशा. मी उठलो आणि हिंदीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तिने मान वर केली आणि मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही मराठी का?"

आता सरकारी टेबलामागून कोणी आपल्या भाषेत काका म्हटलं की माणूस जरा छाती पुढे काढतो. मीही काढली. म्हटलं, "हो. साताऱ्याकडचे आम्ही."

"माझे बाबा केंद्र सरकारात होते. मी इथे दिल्लीत, मयूर विहारमध्येच वाढले. बोला ना, मराठीत बोला."

मग पुढचं सगळं मराठीत झालं. मागे बाजारातली सगळी मंडळी फारसं काही न कळता माझ्याकडे आशेने बघत होती.

मी म्हटलं, "मॅडम, रविवारची संध्याकाळ म्हणजे काय भीक आहे? करायचं तर नीट करा. सातही दिवस. सकाळपासून रात्रीपर्यंत."

"चालेल," ती म्हणाली.

मी पुढच्या 'पण'ची वाट बघितली. 'पण' आला नाही. ती लिहीत होती.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. आवाज चढवला. "आणि नुसत्या मोटारी नाहीत. स्कूटर पण नको. ई-रिक्षा पण नको. एक चाक फिरता कामा नये."

"अगदी बरोबर. आम्हालाही तेच हवं होतं, पण दुकानदार ऐकणार नाहीत असं वाटलं होतं. आणखी?"

माझं डोकं फिरायला लागलं. समोरचा माणूस भाव करत नसला की मला घाम फुटतो. मी म्हटलं, "दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवा. मालाच्या गाड्या पहाटे येऊन जाऊ देत. म्हाताऱ्यांना पार्किंगपासून गल्लीच्या तोंडापर्यंत विजेवरची गाडी. फुकट. बाकं हवीत. झाडं हवीत. कुंड्यांतली नकोत, जमिनीतली."

"छान. लिहिलं."

"आणि आवाज मोजायची पाटी लावा! मोठी! सगळ्यांना आकडा दिसला पाहिजे, कोण किती बोंबलतंय ते!"

"कुठे लावू?"

रागाच्या भरात माणूस काय बोलतो त्याला धरायचं नसतं. मी म्हटलं, "माझ्या दुकानासमोर लावा!"

"चालेल," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण लावलं.

मी खाली बसलो. कापडवाल्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "क्या हुआ? मान गई?"

"मान गई."

"क्या मान गई?"

"सब."

पुढे जे झालं ते मी मागितलं तसंच झालं, याची मला दिवसातून निदान एकदा कोणीतरी आठवण करून देतं. खांब आले. खड्डे खणून झाडं आली. बाकं आली. सहा महिन्यांचा प्रयोग म्हणून गल्ली बंद झाली, आणि माझ्या दुकानासमोर दिव्यांनी आकडा दाखवणारी ती पाटी उभी राहिली. आवाज ठरलेल्यापेक्षा वाढला की पाटी लाल व्हायची आणि टूं टूं करायची. तिच्याच टूं टूंमुळे तिचा आकडा आणखी चढायचा, मग ती आणखी टूं टूं करायची. पुढे कोणी येऊन तिचा तो आवाज बंद केला. लाल होणं ठेवलं.

आता मला कोणी सांगावं, जिथे मोटार येऊ शकत नाही अशा गल्लीत मोटारीचा हॉर्न कसा विकायचा?

गिऱ्हाईक चालत यायचं. गाडी पार्किंगच्या वरच्या मजल्यावर. म्हणायचं, "अंकल, आवाज सुनाओ." मी पूर्वी बॅटरीला तार लावून दहा हॉर्न वाजवून दाखवायचो. आता पहिलाच वाजवला आणि पाटी अशी लाल झाली की बाकांवर बसलेल्या बायका उठून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "भाईसाहब, शर्म नहीं आती?" मला! माझ्या पायरीवर!

मग मी घरून गोधडी आणली आणि हॉर्न तिच्यात गुंडाळून वाजवायला लागलो. गोधडीतून सगळे हॉर्न सारखेच वाजतात, दूध उतू जाताना झाकण थडथडावं तसे. गिऱ्हाईक म्हणायचं, ह्यात महाग का आहे? शेवटी मी तोंडाने वाजवायला लागलो. गिऱ्हाइकाच्या कानाशी तोंड नेऊन, हळू. "ये वाला ऐसा है: पॅं. और ये: पॉं पॉं." साठीच्या जवळ आलेला माणूस मी. एक गृहस्थ कान पुढे करून उभे राहिले आणि म्हणाले, "थोड़ा और भारी में दिखाइए." मी आणखी जड आवाजात केलं. ते म्हणाले, "हां, ये पैक कर दो," आणि घरी गेल्यावर परत घेऊन आले. म्हणाले, दुकानात जास्त चांगला वाजत होता.

फिटिंगची कथा तर याहून वाईट. सरदारजी हत्यारांची पिशवी घेऊन पार्किंगचे मजले चढायचा. गिऱ्हाइकाने सांगितलेलं असायचं, तिसरा मजला, पांढरी गाडी. दिल्लीत पांढरी गाडी सांगणं म्हणजे पावसात ओला माणूस सांगणं. एकदा दुकानातला सगळ्यात भारी जोड-हॉर्न त्याने घाम गाळत, मनापासून, दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीला बसवला. त्या मालकाने बॉनेट नीट लावलं नव्हतं, हा त्याचा गुन्हा. तो मालक कधीच तक्रार करायला आला नाही. येईल कशाला? या शहरात कोणीतरी माझा हॉर्न फुकट वाजवत फिरतो आहे आणि त्याला वाटतंय आपली गाडी वयात आली.

पण खरा घाव शांततेचा होता. हे कोणाच्या लक्षात येत नाही म्हणून सांगतो. भाव करायला आवाज लागतो. पूर्वी मी गिऱ्हाइकाला खरा भाव सांगायचो तो दोन हॉर्नच्या मध्ये, कानात. दोन हात लांब उभ्या असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जायचं नाही, त्याला मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. आता गल्लीत पान पडलं तरी कळतं. झाडं मीच मागितलेली. मी एकाला कुजबुजत शेवटचा भाव दिला, तर बाकावर बसून भेळ खाणारी बाई तिथूनच म्हणाली, "बेटा, अभी रुक, और उतरेगा." आणि खरोखर मला उतरावं लागलं. त्या बाईला गाडी नव्हती. काही घ्यायचं नव्हतं. ती रोज संध्याकाळी यायला लागली.

कापडवाल्याकडे मात्र रांग लागली. लोक मेट्रोने यायचे, मुलांचा हात सोडून चालायचे, दुकानासमोर उभे राहून कापड बघायचे. त्याच्या पांढऱ्या ओढण्या संध्याकाळपर्यंत पांढऱ्या राहायला लागल्या. दागिनेवाल्याने बाहेर पाण्याचा माठ ठेवला. सभेला जाताना मला खांद्यावर घेणारी हीच मंडळी आता मला येता-जाता नमस्कार करायची. "भाईसाहब, क्या सौदा किया आपने!" माझ्या तोंडावर! आणि एका दुपारी कापडवाला माझ्या दुकानात येऊन आमच्या मधल्या भिंतीवर बोटांनी ठोकून बघत उभा राहिला.

मी म्हटलं, "काय बघतोस?"

"कुछ नहीं जी. पक्की है या कच्ची, ऐसे ही."

तेव्हा मला कळलं की हा माझं दुकान घ्यायच्या विचारात आहे. गाड्या परत आल्या नाहीत तर मला ते द्यावं लागणार, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

घरी आधार मिळावा, तर तिथे वेगळाच थाट. आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेला राहतो. बायको पूर्वी दुकानात यायची म्हणजे नाकाला पदर लावून यायची, दहा मिनिटांत खोकत परत जायची. आता भिशीच्या बायकांना घेऊन यायला लागली. सगळ्या मराठी, सगळ्या बाकांवर. मला दुकानातून ऐकू यायचं, "ही गल्ली आमच्या ह्यांनी मागून घेतली बरं का."

संध्याकाळी मी म्हटलं, "अगं, धंदा बुडतोय माझा, आणि तू मिरवतेस?"

"अहो, तुम्हीच मागितलंत ना?"

"मागितलं म्हणजे द्यायचं असतं का?"

"लग्नात माझ्या वडिलांकडे तुम्ही स्कूटर मागितली होती. त्यांनी नाही दिली, तर तुम्ही सहा महिने बोलत नव्हतात. आता त्या बाईने दिलं, तर तिच्यावर चिडलात. अहो, तुमच्याशी वागायचं तरी कसं माणसाने?"

स्कूटरचा विषय वेगळा आहे आणि त्यावर मी स्वतंत्र बोलेन.

शेवटी मी त्या बाईच्या ऑफिसात गेलो. खोलीत हवा साफ करायचं यंत्र घरघरत होतं, ते तिने बंद केलं आणि मला चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. चहा घेतला की माणूस खाली येतो.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मला फसवलंत."

"काका, तुम्ही जे मागितलं ते मी दिलं. यात फसवणूक कुठे आली?"

"दुकानदाराने पहिल्यांदा मागितलेलं द्यायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"नाही म्हणायचं असतं. तोंड वाकडं करायचं. परवडत नाही म्हणायचं. पिशवी उचलून निघायचं. मग मी तुम्हाला परत बोलावलं असतं."

"मी माझीच मीटिंग सोडून निघून जायचं होतं?"

"दारापर्यंत."

ती हसली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पेन हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "काका, तुम्ही हिंदीत बोलला असतात ना, तर मी समजले असते. मीही इथलीच आहे, भाजीवाल्याशी रोज भांडते. पण तुम्ही मराठीत बोललात. मराठीत आमच्या घरी कोणी भाव करत नाही. आई जेव म्हणाली तर जेवायचं, बाबा नको म्हणाले तर नको. दिल्लीत मराठी आपण घरातच बोलतो ना? मला वाटलं तुम्ही मनातलं सांगताय. मला भरून आलं होतं. मी घरी जाऊन आईला सांगितलं, एक काका भेटले, सगळ्या शहरात असा दुकानदार नाही."

मला इतका राग आला की मी चहा पिऊन टाकला. कारण ती म्हणत होती ते खरं होतं. घरात मी मराठीत भाव करत नाही. हिंदीतला माझा आकडा कोणीच खरा धरत नाही, म्हणून तर मी सुरक्षित आहे. पण ते तिला सभेत, मला काका म्हणायच्या आधी, सांगायला काय झालं होतं?

ती म्हणाली, "प्रयोग संपताना सुनावणी आहे. तेव्हा सगळ्यांसमोर सांगा तुम्हाला खरंच काय हवंय. पण वाढवून नका सांगू. जेवढं हवं तेवढंच सांगा."

मी घरी आलो आणि विचार केला. मला काय हवं होतं? सातही दिवस पूर्वीसारखं नको होतं, हे मी कोणाला सांगणार नाही, पण बायको आता खोकत नाही हे मलाही दिसतं. मला फक्त गाडी माझ्या दारात यायला हवी होती. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत, एका टोकाने आत, दुकानापर्यंत, त्याच टोकाने बाहेर. संध्याकाळी बाकं, झाडं, भेळ, काय हवं ते करा. हा माझा खरा भाव. मला तो तोंडाने बोलायचा होता, आणि मी आयुष्यात खरा भाव पहिल्यांदा कधी बोललोच नव्हतो.

बायकोने सराव घेतला. ती बाई झाली, मी मी झालो.

"बोला काका, काय हवंय?"

"सकाळ ते रात्र."

"अहो!"

"सवय आहे गं. थांब. सकाळ ते... संध्याकाळ."

"खरं काय आहे?"

"दुपार."

"मग दुपार म्हणा. आणि 'दुपार' म्हणताना तुमचा डावा डोळा बारीक होतो. कोण विश्वास ठेवेल?"

आठवडाभर मी आरशासमोर डोळे उघडे ठेवून दुपार म्हणत होतो. सरदारजीला कोणीतरी सांगितलं की मालकाची तब्येत बरी नाही.

सुनावणी त्याच सभागृहात झाली. आधी सगळ्यांनी उठून गल्ली कायमची बंद ठेवा म्हणून सांगितलं. कापडवाला रडला. भेळ खाणारी बाईसुद्धा आली होती आणि तिला बोलू दिलं. मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो, दोन्ही डोळे उघडे ठेवले, आणि मराठीत म्हटलं, "बाई, सकाळपासून जेवणापर्यंत गाड्या माझ्या दारापर्यंत येऊ द्या. बाकी सगळं असंच राहू द्या. हा माझा पहिला आणि हाच शेवटचा."

आजवर मी एवढा नागडा कुठे उभा राहिलो नव्हतो.

तिने माझ्याकडे बघितलं. आणि तोंड वाकडं केलं.

"छे, काका. परवडत नाही."

मला वाटलं माझे कान वाजताहेत. "काय?"

"जेवणापर्यंत म्हणजे फार होतं. झाडांखाली मुलं खेळतात. मालाच्या गाड्यांबरोबर पहाटे या फार तर."

"अहो बाई, मी खरा भाव सांगितलाय! तुम्हीच म्हणालात खरा सांगा!"

"सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली. तिने कागद गोळा केले. कापडी पिशवी खांद्याला लावली. उठली. आणि सगळ्या सभागृहाच्या मधून, मान खाली घालून, दाराकडे चालायला लागली. बरोबर दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर तिची पावलं जरा मंदावली. जन्मभर मी गिऱ्हाइकांच्या पावलांची ती चाल बघत आलोय, मला ती पाठीमागूनही कळते.

आणि माझ्या तोंडातून, मला न विचारता, निघालं, "अहो थांबा थांबा! बरं, दुकानं उघडेपर्यंत द्या!"

ती वळली. "चालेल," ती म्हणाली.

सभागृहात टाळ्या पडल्या. कापडवाल्याने मला मिठी मारली. कागदावर आलं ते असं: दुकानं उघडायच्या वेळेपर्यंत गाड्यांना माझ्या दारापर्यंत यायला परवानगी. म्हणजे दुकान बंद असतानाच माझ्या दुकानात गाडी येऊ शकते. आता मी आणि सरदारजी गल्ली झाडून व्हायच्या आत येऊन शटर वर करून बसतो. दिल्लीचा मोटारवाला त्या वेळी अंथरुणात असतो. परवा एकजण आला, तो रस्ता चुकला होता. त्याला मी चहा पाजला. कापडवाला अजून भिंत ठोकून बघतो, आता दोन्ही बाजूंनी.

म्हणून मी हे लिहून सगळ्यांसमोर विचारतो आहे, आणि मला उत्तर समितीकडून नको, खात्याकडून नको, त्या बाईकडूनच हवंय. मी खोटं मागितलं तेव्हा तुम्ही सगळं दिलंत. मी खरं मागितलं तेव्हा तुम्ही भाव केलात. यातलं एक तुमचं चुकलंय. कुठलं, ते माझ्या पायरीवर येऊन, सगळ्या बाजारासमोर, मराठीत सांगा. आणि माझी दुपार कोण भरून देणार, तेही त्याच दमात सांगा.